मनासाठीचं ॲप: आधी ओटीपी की आधी माणूस?

बाणेरचा डिझायनर:
मानसिक आधाराच्या ॲपवर काम करतोय. परवा सदाशिव पेठेत मावशीला कच्चा नमुना दाखवला. ओटीपी मेसेजमध्ये शोधण्यातच दोन मिनिटं गेली. मग पाच चेहरे, ‘आज कसं वाटतंय?’ मावशी चष्मा वर-खाली करत म्हणाली, “यातला माझा कुठला? मला तर नुसतं धडधडतंय.” माझं मत, नोंदणी आणि चेहरे नंतर. पहिल्या पानावर एकच मोठं बटण, थेट १४४१६ ला फोन. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मराठीतही.

पेठी खवचट:
मग ॲप कशाला? नंबर कॅलेंडरवर लिहा, भिंतीला टांगा. डाउनलोडही वाचेल.

रात्रपाळीवाली:
खवचट, फोनवर रडायला दार लावता येणारी खोली लागते. आमच्या वन आरकेत पाच माणसं. मी टाइपच करू शकते. पण ऑफिसने दिलेल्या ॲपचं ऐका. मी पोळ्या लाटत होते, फोन सासूबाईंच्या हातात, आणि वर झळकलं: ‘आज उदास वाटतंय का?’ पुढे आठवडाभर माझी चौकशी चालली होती!

समुपदेशक, सध्या रजेवर:
नोंदणी मागे ढकलायला माझा विरोध. नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे कुणी ‘जवळजवळ रोज’ निवडलं आणि तुमच्याकडे नाव ना नंबर, तर काय करणार? ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणणार?

पेठी खवचट:
आणि दिलेला नंबर जातो कुठे? ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली. अमेरिकेत २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

बाणेरचा डिझायनर:
नोटिफिकेशन मुळातच बंद ठेवतो, ताई. नवव्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. पण मग नंबर तिथेच मागू: ‘कुणाला कळवू?’

समुपदेशक, सध्या रजेवर:
त्या क्षणी माणूस फॉर्म भरत नाही हो. डोकं थाऱ्यावर असतानाच एका जवळच्याचा नंबर घेऊन ठेवा. फोनमध्येच राहू दे, तुमच्या सर्व्हरवर नको.

रात्रपाळीवाली:
चालेल. फक्त ‘घरातल्या व्यक्तीचा नंबर’ असं लिहू नका.