जुना गेमिंग पीसी, मोजकं बजेट: काय बदलावं, काय ठेवावं? (अनुभव धागा)

मंडळी, सांगली-मिरज परिसरात आठ-दहा वर्षांपूर्वी जोडलेले बरेच गेमिंग पीसी अजून चालू आहेत. १५-२० हजारांत त्यांना पुन्हा खेळण्याजोगं करायचं असेल, तर कोणता पार्ट कशावर बसतो, काय अडतं आणि का अडतं ते लिहा. नुसतं ‘नवीनच घ्या’ नको, कारण द्या. उत्तरावर नावाऐवजी आपलं गाव किंवा भाग लिहा.

विश्रामबाग

खरेदीआधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर (पार्टचा वापर मोजून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा आणि नेहमीचा गेम वीस मिनिटं चालवा. ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर बहुधा प्रोसेसर अडतोय. प्रोसेसरचा एकूण आकडा ५० टक्के दिसला म्हणून त्याला सोडू नका, प्रत्येक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) वेगळा बघा. एखादा कोअर कायम भरलेला असला तरी गेम तिथेच अडकतो. ८ जीबी रॅम भरली की विंडोज डिस्कवर लिहू लागतं आणि मधेमधे झटके बसतात.

तापमान ९० अंशांच्या पुढे जात असेल तर आधी साफसफाई करा. कारखान्याजवळच्या घरांत गळीत हंगामात काजळी थेट समोरच्या जाळीत बसते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी वाटाण्याएवढीच लावा.

मिरज

माझ्या मते पहिला पैसा पॉवर सप्लायवर जायला हवा, आणि लोक नेमका तोच वाचवतात. डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा सोडा, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. ‘५०० वॅट’ लिहिलेल्या सप्लायवर तिथे १८ अँपिअर असतील, तर गेमिंगच्या कामाचे वॅट भरतात २१६. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एकटंच १३२ वॅट घेतं, त्यावर प्रोसेसर. गेम रंगात आला की मशीन रीस्टार्ट होतं आणि दोष कार्डाला दिला जातो.

कार्डाला लागणारी आठ पिनची वायर नाही म्हणून साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) पिनवरून कन्व्हर्टर लावू नका. आठ पिनचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, साटाचा कनेक्टर ५४ वॅटच्या वर झेपत नाही आणि वितळतो. दुसरं, मॉड्युलर (सुट्या वायरींचा) सप्लाय बदलला की सगळ्या वायरी नव्या सप्लायच्याच वापरा. डिस्ककडचं टोक सारखं दिसतं, पण सप्लायकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असू शकतो. जुनी वायर लावली तर एसएसडी जळू शकते.

इस्लामपूर

एएम४ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड असेल तर तुमचं काम स्वस्तात होतं. २०१७ च्या बी३५० बोर्डांपैकीही अनेकांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर रायझन ५ ५६०० चालतो. बोर्ड कंपनीच्या पानावर सपोर्ट यादी तपासा, बायोसची फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. जत, आटपाडीकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसशिवाय हात लावू नका. मधेच लाइट गेली तर बोर्ड पुन्हा उठेलच असं नाही. काही बोर्डांना आधी बायोसची मधली आवृत्ती टाकावी लागते.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, प्रोसेसर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. वेगळं कार्ड लावणार असाल तर आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी घेऊ नका, त्याचा एल३ कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मा आहे.

तासगाव

इंटेलवाल्यांनी ११५१ सॉकेटला फसू नये. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण चालू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. त्याहून जुन्या एच६१ बोर्डावर आय७-३७७० ही शेवटची पायरी. त्यात एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधला जलद आकडेमोडीच्या सूचनांचा संच) नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. अशा मशीनवर फक्त पुढे काढून नेता येतील अशाच वस्तूंवर खर्च करा: एसएसडी, सप्लाय, कार्ड.

विटा

तासगावकरांचं बरोबर, तरी एक सांगतो. जुन्या गेमवरच समाधान असेल तर सेकंडहँड ३७७० वाईट नाही. जुन्या प्रोसेसरच्या चार थ्रेडचे (एका वेळी चालणाऱ्या कामांचे) आठ होतात आणि गर्दीच्या दृश्यातले झटके कमी होतात. नवा मात्र मिळाला तरी घेऊ नका.

गावभाग

रॅम एका कांडीऐवजी दोन घ्या आणि चार स्लॉट असतील तर सहसा दुसऱ्या-चौथ्यात लावा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू केलं नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच धावते. एसएसडीने लोडिंग घटतं, फ्रेम फारसे वाढत नाहीत.

कुपवाड

सप्लाय बदलायचाच नसेल तर ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी कार्ड बघा. ८ जीबीचं घेतलंत तर जादा वायर लागेल. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर टाळा. त्याला चारच लेन (कार्ड-बोर्डमधले डेटाचे मार्ग) आहेत, पीसीआयई ३.० या जुन्या स्लॉटवर त्या मार्गांचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की चित्र अडखळतं.

जुनं आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) शेडर (कार्डातले चित्र मोजणारे छोटे भाग) २३०४ दिसतात का बघा. २०४८ म्हणजे उतरती आवृत्ती. इथे २०१९ आणि २०२१ चा पूर आला होता, त्यामुळे सेकंडहँड बोर्ड किंवा कार्ड टॉर्च मारून तपासाच. स्क्रू गंजलेत का, स्लॉटच्या कडेला हिरवट साका किंवा हीटसिंकमध्ये वाळलेला गाळ आहे का? असं काही दिसलं तर चालू करून दाखवलं तरी घेऊ नका. गंज पत्र्याखाली चालूच राहतो. माल स्वच्छ दिसला तर विक्रेत्यासमोर अर्धा तास जड गेम चालवा आणि पडद्यावर ठिपके, रंगीत रेघा येतात का बघून मगच पैसे द्या.