ट्यूब बेस अ‍ॅम्प कर्कश झालाय: आधी ट्यूब बदलायची की मीटर लावायचा?

रामबागचा_खर्ज (इंदूर): फेंडर बॅसमन (अमेरिकी ट्यूब बेस अ‍ॅम्प), एबी165 सर्किट (त्याची एक आवृत्ती), 6एल6जीसीची जोडी (आउटपुटच्या मोठ्या ट्यूब). हलक्या हाताने वाजवलं की विरत्या स्वराला चरचर लागते, जोरात वाजवलं की झाकली जाते. माझं मत, आधी ट्यूब. पहिल्या जागी 12एएक्स7 (आवाज आधी वाढवणारी छोटी ट्यूब) काढून 12एवाय7 लावा. गेन 100 वरून 44 च्या आसपास येतो, सोल्डर तापवावं लागत नाही. नाहीच जमलं तर मागचा बायस पॉट फिरवा (बायस म्हणजे आउटपुट ट्यूबमधून स्वस्थ असताना किती प्रवाह वाहील ते ठरवणारं व्होल्टेज, पॉट म्हणजे फिरवायचा रेझिस्टर).

थंड_बायस: उतरेल तो आवाज, दोष जिथल्या तिथे. हलक्या स्वरालाच चरचर म्हणजे बायस थंड, प्रवाह कमी: एक ट्यूब मिटते आणि दुसरी उघडते त्या सांध्यावर लहर तुटते. आणि एबी165 चा तो पॉट फक्त दोन ट्यूबमधला तोल साधतो, एकूण बायस हलवत नाही. त्यासाठी आतला रेझिस्टरच बदलावा लागतो.

प्रत्येक आउटपुट ट्यूबच्या 8 नंबरच्या पिनेतून (कॅथोड) ग्राउंडला 1 ओहम, 1 टक्क्याचा रेझिस्टर घाला. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. प्लेटला (ट्यूबच्या जास्त व्होल्टेजच्या टोकाला) 440 व्होल्ट असतील तर दर ट्यूबमागे 35 ते 45 मिलिअँपिअर हवेत. 15–18 दिसले तर चोर सापडला.

रामबागचा_खर्ज: आत 440 व्होल्ट असताना नवशिक्याला पेटी उघडायला सांगताय?

थंड_बायस: रास्त आहे. प्लग काढा, 10 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरने फिल्टर कपॅसिटर (प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारे) रिकामे करा, मीटर 10 व्होल्टच्या खाली दाखवेपर्यंत हात घालू नका. हे जमत नसेल त्याने पेटी उघडूच नये.

कोन_फाटका: दोघंही घाईत. आधी दुसरा 4 ओहमचा कॅबिनेट जोडून ऐका. गिटारचा स्पीकर बसवलेला असेल तर 2–3 किलोहर्ट्झचा उठाव कानाला टोचणारच. स्पीकर बदलताना अ‍ॅम्प बंद ठेवा. लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

थंड_बायस: ही चाचणी फुकटची, मान्य. पण स्पीकरचा उठाव जोरातही तितकाच टोचेल. इथे तो फक्त हळू स्वराला आहे.

जेलरोड_पार्ट्स: फिल्टर कपॅसिटर विसरलात. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणून रिपल (पुरवठ्यात उरलेली विजेची लहर) 100 चा (अमेरिकेत 120). कपॅसिटर वाळले की तो ए तारेच्या 55 हर्ट्झशी मिसळून 45 आणि 155 चे भुताटकी स्वर काढतो. लोक त्यालाच कर्कश म्हणतात. 22 मायक्रोफॅरड 500 व्होल्टचा जेल रोडवर मिळाला नाही तर 47 मायक्रोफॅरड 400 व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावा, प्रत्येकावर 220 किलोओहम 1 वॅट. आवाज नुसताच पातळ झाला असेल तर कॅथोडचे 25 मायक्रोफॅरडवाले कपॅसिटर बघा, वाळले की खर्ज तेच खातात.

रामबागचा_खर्ज: बरं, मीटर आधी. पण बायस घरच्या विजेच्या कुठल्या व्होल्टेजवर लावायचा? संध्याकाळी 225 आणि रात्री 245 असेल तर?

थंड_बायस: ज्या वेळी वाजवता त्या वेळचं. हीटरही (ट्यूब तापवणारी तार) मोजा, 6.3 व्होल्टच्या 10 टक्क्यांत, म्हणजे 5.7 ते 6.9. त्यावर गेलं तर स्टेप-डाउन (घरची वीज अमेरिकी व्होल्टेजवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) बदला, ट्यूब नव्हे.