मदत हवी आहे: सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारच्या उन्हावर कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमची २८ घरांची सोसायटी. गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरिंगवर, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये (वीज कंपनीच्या जाळ्यात) जाते आणि बिलात वजा होते. मी कमिटीत आहे, त्यामुळे इन्व्हर्टरचं ॲप सारखं उघडून बघते. परवा दुपारी लख्ख ऊन होतं, आकडा १५ किलोवॅट. ढग आला आणि चहा गाळून होईपर्यंत आकडा ४ वर. मग परत १४.

आमचं काही अडत नाही, कमी पडेल ते ग्रिडमधून येतं. पण पुरवठा आणि मागणी जुळली नाही की ग्रिडची फ्रिक्वेन्सी हलते, आणि ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायची, म्हणजे आमची घट दुसरीकडे कुणाला तरी लगेच भरून काढावी लागते. ढगांचं त्यातल्या त्यात बरं, सगळ्या गच्च्यांवर एकदम सावली येत नाही. खरा ताण संध्याकाळी. ऊन जातं आणि त्याच तासाला घराघरांत दिवे, एसी, गिझर लागतात. कोळशाचे संच इतक्या झटपट वर-खाली होत नाहीत. तिथे घाटघरसारखं उदंचन केंद्र कामी येतं: वीज मुबलक असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं, गरजेला खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घ्यायची.

हे वाचलं आणि वाटलं, अहो, पाणी तर आपणही रोज चढवतो! आमचा साडेसात एचपीचा पंप सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला लागतो. पालिकेचं पाणी पहाटेच येतं, खालची टाकी दुपारी भरलेलीच असते. मग संध्याकाळची फेरी १२ ते ३ मध्ये का नको?

वॉचमनदादा म्हणतात, दुपारी भरलेली टाकी रात्री नऊपर्यंत रिकामी होईल. वरच्या टाक्या वाढवायच्या तर गच्चीच्या स्लॅबवर वजन येणार, म्हणून ते मला नको वाटतं.

कुणी हे केलंय का? टायमर आणि लेव्हल सेन्सर पुरतो, की पंप सोलरच्या आकड्यावर चालू-बंद करावा? ढगागणिक मोटर चालू-बंद झाली तर ती जळेल, अशी मला धास्ती आहे. आणि २०२३ च्या केंद्राच्या नियमांत सौर तासांतली (दिवसा ऊन असतानाची) वीज किमान २० टक्के स्वस्त ठेवायची तरतूद आहे. नेट मीटरिंग असलेल्या सोसायटीच्या बिलात त्याचा फरक कुणाला दिसलाय का? रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.