मदत हवी आहे: केबल उपटली तर बाँडिंग टिकतं, पण लाइट जाऊन आली की दोन्ही सर्व्हर एकमेकांच्या जिवावर उठतात

शिरोलीचा_सिस्टीमवाला:

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सिस्टीम सांभाळतो. एकटाच आहे, विचारायला शेजारी कोणी नाही, म्हणून इथं लिहितोय.

दोन लिनक्स सर्व्हर आहेत. नावं मीच ठेवलीत, रंकाळा आणि कळंबा. दोन्ही मिळून क्लस्टर, म्हणजे एक पडला तर काम दुसऱ्यावर. पेसमेकर (कोणतं काम कुठं चालवायचं ते ठरवणारा), कोरोसिंक ३.१ (दोघं जिवंत आहेत का ते बघणारा), डीआरबीडीवर (डेटा दोन्हीकडं सारखा ठेवणारं) पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्यावर कंपनीचं ईआरपी, म्हणजे चलन-हिशेबाचं सॉफ्टवेअर. प्रत्येक सर्व्हरचा ईएनओ१ हा नेटवर्क पोर्ट स्विच 'अ'ला, ईएनओ२ स्विच 'ब'ला, आणि दोन्ही मिळून बाँड०, म्हणजे दोन पोर्टचं एकच कनेक्शन. मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (मोड १: एक पोर्ट चालू, दुसरा राखीव), एमआयआयमॉन १०० (दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासायची), प्रायमरी म्हणजे पहिली पसंती ईएनओ१. ईएनओ३ वर दोन सर्व्हरमध्ये थेट केबल टाकलीय, ती फक्त डीआरबीडीला. कोरोसिंकची एकच लिंक, बाँडवरून. टोकनला (समोरच्याचा निरोप यायची मुदत) हात लावलेला नाही, म्हणजे ३००० मिलिसेकंद. फेन्सिंग (गप्प झालेल्या सर्व्हरला दुसऱ्यानं जबरदस्तीनं रीसेट मारणं) आयपीएमआयवरून, म्हणजे सर्व्हरमधल्या वेगळ्या रिमोट-कंट्रोलवरून; त्याला वेगळा छोटा स्विच.

बसवलं तेव्हा एकेक केबल उपटून बघितली, परत लावून बघितली. फार तर एखादा पिंग चुकायचा. मालकांनाही दाखवलं, खूश झाले.

आता वळीव सुरू झालाय. गेल्या आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली आणि लगेच आली. सर्व्हर मोठ्या यूपीएसवर, ते हललेसुद्धा नाहीत. स्विच 'अ'च्या यूपीएसची बॅटरी म्हातारी आहे, तो बंद पडून परत उठला. पुढच्या अर्ध्या मिनिटात रंकाळ्यानं कळंब्याला रीसेट मारला आणि कळंब्यानं रंकाळ्याला. सात मिनिटं ईआरपी बंद. गेटवर दोन ट्रक भरून उभे, चलन निघेना, आणि डिस्पॅचवाल्यांनी माझ्या नावानं जो शिमगा केला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

त्यानंतर आणखी एकदा असंच झालं. दोन केबल, दोन स्विच असून असं का व्हावं? डोकं चालेना झालंय.

उद्यमनगर_०७:

मोड ४ लाव की भावा. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप म्हणजे अर्धी केबल फुकट. त्यातल्या एलएसीपीनं (केबल एकत्र जोडायची पद्धत) दोन्ही चालतील.

दुसरी_पाळी:

त्याचे स्विच दोन वेगळे आहेत. स्टॅक किंवा एमलॅग (दोन स्विच एकच असल्यासारखे चालवणं) नसेल तर मोड ४ मध्ये दोन अ‍ॅग्रिगेटर (वेगवेगळे गट) तयार होतात आणि त्यातला एकच चालतो. फिरून तिथंच. शिवाय त्याला वेग नकोय, टिकाव हवाय. स्वतंत्र स्विच असताना मोड १ हाच शहाणपणाचा, तो बदलू नकोस.

उद्यमनगर_०७:

बरं, मग टोकन वाढव. ६० सेकंद कर, स्विच उठेपर्यंत कोणी कोणाला मारणार नाही.

दुसरी_पाळी:

आणि सर्व्हर खरोखर मेला तरी ६० सेकंद कोणाला पत्ता नाही! नको रे.

शिरोलीकर, तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. तू म्हणतोस लाइट 'जाऊन आली' की घोटाळा होतो. नक्की जाताना की येताना? दोन्ही सर्व्हरचा कर्नल लॉग आणि कोरोसिंकचा लॉग सेकंदासकट टाक. आणि स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय) कसं आहे तेही सांग.

शिरोलीचा_सिस्टीमवाला:

सर, रंकाळ्याचा लॉग असा आहे. कळंब्याचाही जवळपास सेकंदाला सेकंद हाच.

५:४२:०७ ईएनओ१ डाउन, ईएनओ२ अ‍ॅक्टिव्ह झाला
५:४२:३१ ईएनओ१ 'डेफिनेटली अप', लगेच ईएनओ१ अ‍ॅक्टिव्ह
५:४२:३३ टोकन २२५० मिलिसेकंदांत आलं नाही
५:४२:३८ समोरचा नोड गेला, फेन्सिंग सुरू

सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (स्पॅनिंग ट्रीची वाट न बघता पोर्ट लगेच चालू) आहे. दोन स्विचमधल्या पोर्टवर नाही. स्पॅनिंग ट्री जुनंच, रॅपिड नाही.

दुसरी_पाळी:

सापडलं. ०७ ला काहीच बिघडलेलं नाही, बाँडनं आपलं काम चोख केलं. घात झालाय ३१ ला, म्हणजे स्विच परत आल्यावर.

स्विचला वीज मिळाली की बरेचदा पोर्टचे दिवे आधी लागतात आणि आतलं सॉफ्टवेअर नंतर उठतं. मधल्या काळात सर्व्हरला लिंक दिसते, पण पॅकेट पलीकडं जात नाही. एमआयआयमॉन फक्त दिवा बघतो, रस्ता चालू आहे का ते बघत नाही. त्यात तू प्रायमरी ईएनओ१ दिलाय, आणि प्रायमरी-रिसिलेक्ट (प्रायमरीकडं परत कधी जायचं ते) मुळात 'ऑलवेज' असतं. म्हणजे ईएनओ१ दिसला रे दिसला की चांगला चाललेला ईएनओ२ सोडून उडी. दोन्ही सर्व्हरनी एकाच क्षणी त्या अर्धवट जाग्या स्विचवर उडी मारली. तीन सेकंदांत टोकन गेलं, दोघांनाही समोरचा मेलासा वाटला. आयपीएमआयचा स्विच वेगळा, त्यामुळं गोळ्या मात्र दोघांच्याही बरोबर लागल्या.

केबल उपटून हे दिसणारच नव्हतं. तेव्हा स्विच जागा होता आणि पोर्टफास्टमुळं पोर्ट लगेच चालू व्हायचा. केबल तुटणं वेगळं आणि स्विच मरून उठणं वेगळं.

उपाय: प्रायमरी-रिसिलेक्ट 'फेल्युअर' कर. मग ईएनओ२ खरंच पडेपर्यंत बाँड तिथंच राहील. चालू बाँडवर सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइली) बदलता येतं, पण नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्येही लिही, नाहीतर पुढच्या रीबूटला जुनं परत. एनएमसीएलआयनं (नेटवर्कमॅनेजरची कमांड) बदलताना बाँड ऑप्शन्सच्या आधी अधिकचं चिन्ह दे. ते विसरलास तर आधीचे ऑप्शन पुसले जाऊन नवा एकटाच उरतो. मी एकदा विसरलो होतो. आणि ते मला तीन महिन्यांनी कळलं.

जोडीला अपडिलेही (लिंक दिसल्यावर ती वापरण्याआधी थांबायचा वेळ) ठेव. स्विच उठायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज आणि त्याहून थोडा जास्त दे. आकडा एमआयआयमॉनच्या पटीत हवा. एक खोच आहे: बाँडची एकही लिंक जिवंत नसेल तर अपडिले न पाळता जी पहिली येईल ती घेतली जाते. तसंच हवं म्हणा.

पंचगंगा_घाट:

दुसरी पाळींचं निदान पक्कं, पण एवढ्यावर थांबू नका. 'फेल्युअर' केलं की कधीतरी रंकाळा 'अ'वर आणि कळंबा 'ब'वर असा प्रसंग येणार. मग दोघांचं बोलणं स्विचमधल्या एका केबलवर. ती गेली, तर चारही पोर्टचे दिवे हिरवे आणि क्लस्टर फुटलेला!

थेट केबल असताना कोरोसिंकला एकाच लिंकवर का ठेवलंय? केनेटला (कोरोसिंकचा नेटवर्कचा भाग) आठपर्यंत लिंक चालतात. ईएनओ३ चा पत्ता दुसरी लिंक म्हणून द्या. पीसीएसनं (क्लस्टरची कमांड) चालू क्लस्टरमध्येच जोडता येतं. खरं सांगायचं तर बाँडिंगच्या आधी हे करायला हवं होतं.

मात्र मग उलटी अडचण येते. बाँड पडलेल्या नोडवरच डेटाबेस असला, तरी थेट केबलवरून क्लस्टर म्हणणार सगळं ठीक, आणि ऑफिसात कोणाचंच ईआरपी उघडणार नाही. त्यासाठी पेसमेकरचा पिंग रिसोर्स (ठरलेले पत्ते दिसतात का ते बघणारा) दोन्ही नोडवर लावा आणि गेटवे दिसत नसेल तिथं डेटाबेस राहू नये असा नियम द्या. पिंगला गेटवेशिवाय आणखी एखादा पत्ता असू दे, नाहीतर राउटर रीस्टार्ट केला की डेटाबेसही बंद.

आणि रंकाळ्याला मारणाऱ्या फेन्स डिव्हाइसवर पीसीएमके-डिले-बेस (मारण्याआधीचा उशीर) ५ सेकंद ठेवा. भांडण झालंच तर एक जण तरी जिवंत राहील.

उद्यमनगर_०७:

एमआयआयमॉन फक्त दिवा बघत असेल तर एआरपी मॉनिटर (ठरलेल्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारा) का नको?

पंचगंगा_घाट:

चालेल, मोड १ मध्ये चालतो (मोड ४, ५, ६ मध्ये नाही). पण दोन्ही एकत्र लावायचे नाहीत, आणि लक्ष्य म्हणून एकटा गेटवे दिला तर तो गप्प झाला की बाँडचे दोन्ही पाय, म्हणजे पोर्ट, लंगडे ठरतात. इथं दुसरी लिंक आणि पिंग रिसोर्स असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

शिरोलीचा_सिस्टीमवाला:

मंडळी, साप्ताहिक सुट्टीचा दिवस गाठला. भट्ट्या बंद, माणसं नाहीत, मी आणि वॉचमनमामा.

रिसिलेक्ट बदललं, कोरोसिंकला दुसरी लिंक दिली, फेन्सला उशीर लावला, पिंग रिसोर्स लावला. मग स्विच 'अ'चा प्लग काढला आणि दहा सेकंदांनी लावला. पोर्टचे दिवे लागल्यापासून पहिलं पिंग जायला ९५ सेकंद लागले. इतका वेळ तो नुसताच दिवे लावून बसतो हे मला माहीतच नव्हतं. अपडिले १२०००० मिलिसेकंद दिला. पुन्हा प्लग काढला, लावला. बाँड 'ब'वरच राहिला, टोकनचा एकही संदेश नाही. मग 'ब'चा काढला, दोघंही मुकाट 'अ'वर आले. शेवटी 'ब' परत लावून कळंब्याला 'ब'वर नेलं आणि दोन स्विचमधली केबल काढली. कोरोसिंकनं लिंक ० गेल्याचं सांगितलं आणि थेट केबलवर चालत राहिला. कोणी कोणाला मारलं नाही.

यूपीएसच्या बॅटरीचा कागद मालकांकडं गेलाय. ते पुढच्या महिन्याचं बघू म्हणाले.

दुसरी_पाळी:

झकास. आता एक काम अंगवळणी पाड. महिन्यातून एकदा दोन्ही सर्व्हरवर प्रॉकमधली (कर्नलची माहिती दाखवणारा फोल्डर) बाँड०ची फाइल उघडून बघायची: दोन्ही पायांचा वेग आणि लिंक फेल्युअर काउंट. बिनकामाचा पाय कधी मेला ते कोणाला कळत नाही, आणि कळतं ते नेमकं दुसरा गेल्यावर.

शिरोलीचा_सिस्टीमवाला:

सर, आत्ताच बघितलं. कळंब्याच्या ईएनओ२ वर काउंट १४ आणि वेग १००० ऐवजी १००.

दुसरी_पाळी:

गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. एखादी जोडी गेलीय. केबल फॉल्स सीलिंगवरून येते का?

शिरोलीचा_सिस्टीमवाला:

हो. वर चढून आलो. उंदीर.