मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याचं ड्रॉ वेट (दोरी खेचायला लागणारा जोर) किती ठेवावं?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे व्हाइटटेल हरणांसाठी धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. परवाना आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झालाय. भारतात शिकारीला बंदी, त्यामुळे आपल्या माणसांत विचारावं असं कुणी भेटत नाही. (शिकार करावी की नाही, ही चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर करूया.)

माझ्याकडे ६० ते ७० पौंडांचा कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) आहे, सध्या ६५ वर लावलाय. परसात उभं राहून २० यार्डांवरून बाण छान एकाजागी बसतात. पण ट्रीस्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) बसल्यासारखं खुर्चीत बसून, अंगात जाड जॅकेट घालून दोरी खेचायला गेलो की धनुष्य आधी आभाळाकडे न्यावं लागतं. हरणासमोर एवढी हालचाल केली तर ते कशाला थांबेल? शिवाय ते झाडाआड गेलं तर ताणलेलं धनुष्य तसंच धरून वाट बघायची. लेट-ऑफ (दोरी पूर्ण खेचल्यावर चाकांमुळे कमी होणारा जोर) ८० टक्के, म्हणजे धरताना हातात फक्त १३ पौंड उरतात. तरी खेचतानाच खांदा इतका दमतो की नेम धरायची पिन थरथरते.

सरावाच्या रेंजवरची मंडळी म्हणतात, ७० च्या खाली हरणाच्या नादी लागू नये. राज्याच्या नियमात किमान ३० पौंड आहेत. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार जावा आणि जनावर लगेच कोसळावं, एवढंच मला हवंय. पोटात बाण घेऊन ते रात्रभर रानात तडफडत राहिलं, तर ते मला सहन होणार नाही. ५२-५५ वर आलो तर चालेल का? लिंब्ज (धनुष्याचे वरखालचे लवचीक भाग) बदलावे लागतील का? बाण तेच राहतील?

प्रतिसाद:

खुशाल कमी करा. ४२० ग्रेनचा (सुमारे २७ ग्रॅमचा) बाण सेकंदाला २३० फूट वेगाने गेला तरी ४९ फूट-पौंड ऊर्जा होते. हरणासाठी नेहमी दाखवतात त्या तक्त्यात २५ ते ४१ पुरेशी धरली आहे.

तुमचे लिंब्ज ६० च्या खाली नेऊ नका. लिंब्ज धरून ठेवणारे बोल्ट, धनुष्याच्या कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त ढिले केले तर लिंब निसटून इजा होऊ शकते. ५० ते ६० चे लिंब्ज दुकानातून प्रेसवर (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्रावर) बसवून घ्या. पौंड उतरले की आताचे बाण कडक पडण्याची शक्यता आहे, तेव्हा स्पाइन (बाणाच्या दांड्याचा कडकपणा) तक्त्यात बघा आणि पिना नव्याने लावा. ब्रॉडहेड (बाणाचं धारदार टोक) दोन पात्यांचं, न उघडणारं घ्या. उघडणारी पाती बाणाचा जोर खातात.

आकडा ठरवायला खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य सरळ लक्ष्याकडे धरून दोरी सावकाश खेचा. अर्धा मिनिट धरा, मग बाण न सोडता दोरी हळूच परत आणा. हे गारठ्यात, शिकारीच्याच कपड्यांत करा. ज्या पौंडांवर जमेल, तेच तुमचं ड्रॉ वेट.