मदत हवी आहे: आंब्याची कोय कलमं फुटली आणि आता वाळतायत

हिरवी_काडी: बीएस्सी उद्यानविद्या, दुसरं वर्ष. प्रात्यक्षिकात प्रत्येकाला हापूसची ५० कोय कलमं (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हापूसची काडी जोडून) बांधायची होती. माझी ३१ फुटली, त्यातली २२ वाळली. सोमवारी जिवंत कलमं मोजून गुण देणार आहेत. काय फवारू? कृपया लवकर सांगा.

पालवी: फवारणीचं नंतर बघू. बांधली कधी? कोय रुजून किती दिवस झाले होते? काडीची पानं किती दिवस आधी छाटली? काडीवर प्लास्टिकची टोपी घातली होती का?

खुंटवाला: कोय कलमाच्या नादी लागूच नका. खुंट, म्हणजे ज्यावर काडी जोडतात ते खालचं रोप, वर्षभराचा होऊ द्यावा, नवी तांबूस पालवी आली की त्या कोवळ्या भागावर मृदुकाष्ठ कलम करावं. मूळ पक्कं झालेलं असतं, त्यामुळे मर कमी होते.

पालवी: @खुंटवाला, प्रात्यक्षिकच कोय कलमाचं आहे. सोमवारपर्यंत वर्षाचा खुंट कुठून आणणार?

खुंटवाला: पुढच्या वेळेसाठी सांगितलं. कोरड्या हवेत शेतात जागेवरच कलम करायचं तर मृदुकाष्ठच चालतं.

पालवी: ते मराठवाड्यात. कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोय कलम उत्तम साधतं, आणि कलम लवकर तयार होतं.

हिरवी_काडी: जुलैच्या शेवटी बांधली. रोपं १२ ते १५ दिवसांची, पानं तांबूस होती. काडीची पानं त्याच दिवशी छाटली. टोपी होती, फुटल्यावर काढली. ५० टक्के शेडनेट. बाकी सगळं शिकवलं तसंच केलं. बुरशीनाशक सांगा ना.

माती_आणि_मूळ: रसायन नको. शेण, गोमूत्र आणि वारुळाची माती कालवून जोडावर लिंपा.

पालवी: कृपया लिंपू नका. पट्टीच्या फटीतून ओल आत गेली तर जोड कुजेल.

निळं_मोरचूद: १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, तेच बुरशीनाशक. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र करा. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

जोड_बघा: कृती बरोबर आहे, पण कोवळ्या पालवीवर बोर्डो नको, करपू शकते. आणि दुखणं बुरशीचं आहे हे ठरलंय कुठे?

@हिरवी_काडी, फुटलं म्हणजे जुळलं नव्हे. काडीत साठवलेल्या अन्नावर डोळा दहा-बारा दिवसांत फुटतो, खुंटाशी काही संबंध नसला तरी. साठा संपला आणि खालून पाणी आलं नाही की पालवी मान टाकते. तुमची २२ तशीच वाटतात. न फुटलेली १९ वेगळी मोजा. पानं त्याच दिवशी छाटल्यामुळे डोळे फुगले नसणार. देठाचा तुकडा ठेवून ८-१० दिवस आधी पानं छाटली, तर देठ गळेपर्यंत डोळा टपोरा होतो.

आता वाळलेली दहा कलमं घ्या, पट्टी सोडा आणि जोड उभा चिरा. कापाच्या कडेला पांढरट, दाणेदार कॅलस, म्हणजे जखम भरणारी नवी वाढ, आहे का? की दोन्ही काप कोरडे, तपकिरी? आणि खोडाची कोयीजवळची मान काळी, पिचपिचीत आहे का?

सातबारा_धारक: उद्यानविद्येच्या प्रवेशाला सातबारा वडिलांच्या नावावर असला तर चालतो का? मुलगी बारावीला आहे.

पालवी: त्यासाठी प्रवेशाचा वेगळा धागा आहे, तिथे विचारा.

हिरवी_काडी: दहा चिरली. तिघांची मान काळी. सातांचे काप कोरडे, कॅलस नाही. काडी ओढल्यावर सरळ बाहेर आली.

जोड_बघा: काडी आणि खुंटाची जाडी सारखी होती? पाचर, म्हणजे काडीचं निमुळतं तासलेलं टोक, खुंटाच्या फटीत कुठे बसवली?

हिरवी_काडी: काड्या जरा जाड होत्या, जाड म्हणजे जोमदार म्हणून निवडल्या. पाचर अगदी मधोमध बसवली.

जोड_बघा: सापडलं. जोड जुळतो तो साल आणि लाकूड यांच्यामधल्या कॅम्बियमच्या पातळ थरातून. जाड काडी मधोमध ठेवली की तिचा थर दोन्ही बाजूंनी खुंटाच्या थराबाहेर जातो. एकही कड जुळत नाही. म्हणून खुंटाच्याच जाडीची, ३-४ महिन्यांची, १० ते १५ सेंमी काडी घ्यायची. नाहीच मिळाली तर एक कड तंतोतंत जुळवायची आणि दुसरी सोडून द्यायची. खुंट कोयीपासून ७-८ सेंमीवर कापा, फट ४ सेंमी, पाचरही तेवढीच, प्रत्येक बाजू एकाच ओढीत. दोनदा चाकू फिरवला की काप लाटेसारखा होतो आणि आत पोकळी राहते. प्लास्टिकची पट्टी २ सेंमी रुंद, २०० गेज जाडीची, खालून वर ताणून.

काळी मान मात्र बुरशीची. रोपांच्या पिशव्यांची भोकं तपासा, पाणी साचत असेल. उरलेल्या ९ कलमांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर ओता. पट्टीला हात लावू नका, जोडाखालचे फुटवे खुडत राहा. वाळलेल्या कलमांचे खुंट खालून हिरवे असतील तर फेकू नका.

खुंटवाला: त्यांना नवी पालवी आली की मृदुकाष्ठच करावं लागेल.

जोड_बघा: हो, ते बरोबर.

हिरवी_काडी: फवारून वाचणार नाहीत, हे कळलं. चिरलेले जोड वहीत लावून सरांना दाखवते, १९ आणि २२ वेगळे लिहून. पिशव्यांना भोकं दोनच आहेत, आत्ता पाहिलं.

निळं_मोरचूद: भोकं ६ ते ८ पाडा. बोर्डो मात्र ज्या दिवशी बनवाल त्याच दिवशी संपवा.