उतारावरून ड्रोन उडवणं आणि उतरवणं, तुम्ही कसं करता?

काजूवाला_राजापूर:
नमस्कार मंडळी. आमची काजूची बाग आहे, वर सडा म्हणजे कातळाचं पठार आणि खाली पऱ्या म्हणजे ओढा, मधला सगळा उतार. सपाट म्हणावी अशी जागा जिथे आहे तिथे डोक्यावर फांद्या. ड्रोन मिनी २, २४९ ग्रॅमवाला. पावसाळा संपला की दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढायचेत म्हणजे कुठली कलमं मागे पडतायत, कुठे माती धुपलीय ते कळेल. पण मोटर सुरू झाली की हा आधी खालच्या बाजूला सरकतो, मग एका अंगावर उचलतो आणि पाती गवतात जातात. उतरताना एक पाय टेकतो, बाकीचे हवेत, मोटर काही बंद होत नाही. घडीचं लँडिंग पॅड आणलं तर उतारावर टाकल्यावर तेही तिरकंच. हातावर उतरवायचे व्हिडिओ बघितलेत पण वडील म्हणतात बोटं जातील. काय करावं?

चार_पाती:
दादा, आधी हे का होतं ते बघा म्हणजे बाकीचं लगेच लक्षात येईल. ड्रोनला आपण तिरके आहोत एवढं कळतं आणि मोटर फिरायला लागली की तो स्वतःला सरळ करायला बघतो, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूच्या मोटरी जास्त जोर लावतात. पण अख्खा ड्रोन उचलण्याएवढा जोर अजून नसतो, वरच्या अंगाचे पाय जमिनीला टेकलेलेच, मग तो त्या पायांवर कलंडतो. शिवाय सुरुवातीला पात्यांचा जोर सरळ वर नसतो, उताराला काटकोनात असतो, म्हणून सरकतो. हेलिकॉप्टरवाल्यांनाही उतारावर हाच धोका असतो, ते त्याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात.

त्यामुळे मोटर फिरतेय आणि पाय टेकलेत हा वेळ जितका कमी तितकं चांगलं. स्टिक हळूहळू वर न्यायची सवय असेल तर सोडा, एका दमात दीड-दोन मीटर वर घ्या आणि मग स्थिर करा. आणि गवताचं म्हणाल तर, पायांमध्ये १५ सेंमी अंतर धरलं तर १० अंशाच्या उतारावर एक पाय दुसऱ्यापेक्षा अडीच सेंमी खाली जातो, या छोट्या ड्रोनची पाती मुळातच जमिनीला लागून असतात, तेव्हा वरच्या बाजूचं गवत लागणारच.

पॅड मऊ असतं, ते धूळ अडवतं, उतार नाही. तुम्हाला फळी पाहिजे. दोन-अडीच फुटी प्लायवूड घ्या, खालच्या अंगाला जांभ्या दगडाचे चिरे रचा, राजापुरात चिऱ्यांना काय तोटा. मोबाईलमधलं लेव्हल फळीवर ठेवून बघा, हलत नाही ना ते हाताने दाबून बघा. आणि दर महिन्याला तुलना करायचीय ना, मग ते चिरे तिथेच कायमचे राहू द्या. स्क्रीनवरची उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते, जागा चार मीटर खालीवर झाली की ४० मीटरवरचा फोटोही चार मीटर खालीवर होतो. एकाच फळीवरून उडालात की तो प्रश्नच नाही.

सह्याद्री_भटकी:
फळी बागेत ठीक आहे, आम्ही घाटात डोंगरावर जातो तिथे कोण वाहून नेणार, आम्ही हातावरच करतो. वडिलांचं म्हणणं मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका, २४९ ग्रॅमच्या ड्रोनचं पातंही बोट कापतं. दोघं असाल तर एकाने फक्त रिमोट धरायचा आणि दुसऱ्याने फक्त ड्रोन, हा आमचा नियम आहे आणि तो मोडायचा नाही. धरणाऱ्याने केस बांधायचे, ओढणी-मफलर काढून ठेवायचं, चष्मा असेल तर चांगलंच. हात पूर्ण लांब, ड्रोन चेहऱ्यापेक्षा उंच, कॅमेरा समोर म्हणजे ड्रोनची पाठ आपल्याकडे, म्हणजे उडवणाऱ्याचा डावा तो ड्रोनचा डावा. सोडताना ढकलायचा नाही, हात स्थिर ठेवायचा, तो आपणच उचलला जातो.

उतरवताना हात ड्रोनच्या खाली नेला की खालच्या सेन्सरला जमीन जवळ आली असं वाटतं आणि तो थांबतो किंवा वर सरकतो, इथे लोक घाबरून वरून झडप घालतात आणि तिथेच बोट जातं. हात तिथेच ठेवा, रिमोटवाल्याने थ्रॉटल, म्हणजे वर-खाली न्यायची स्टिक, पूर्ण खाली धरून ठेवायचा, तो स्वतः तळहातावर येतो. हातात आला की पोटाखालून धरा आणि मोटर थांबेपर्यंत तिरका करू नका, तिरका केलात की सरळ व्हायला तो जोर करतो. वारा असेल तर आम्ही हे करतच नाही, मागे सपाट वाट असेल तिथपर्यंत चालत जातो. आणि अगदी कड्याच्या टोकावर उभं राहून उतरवायचं नाही, तिथे दरीतला वारा खालून वर येतो आणि सेन्सरखाली एकदम दरी, एकदम जमीन असं होतं.

अजून एक, काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं, त्यावर ठेवून कंपासची वॉर्निंग आली तर तिथेच कॅलिब्रेट करत बसू नका, ड्रोन उचलून दुसरीकडे न्या. गाडीच्या बॉनेटवर किंवा स्लॅबच्या टाकीवर ठेवतात त्यांनाही हेच, आत लोखंड आहे.

फवारणीवाली_ताई:
मी १० लिटरचा फवारणीचा ड्रोन चालवते, डोंगराकडेच्या खाचरांवर. आमचं वजन जास्त, तो हातावर घ्यायचा विचारही कुणी करू नये. आमच्याकडे वेगळी अडचण म्हणजे टाकी. उतारावर ठेवला की औषध खालच्या अंगाला जातं, वजन तिकडे झुकतं, त्यात उचलताना ते हिंदकळतं. म्हणून उतारावरून भरलेला ड्रोन मी उचलतच नाही. जवळचं खळं, नाहीतर डांबरी रस्त्याचा सपाट तुकडा आधी शोधते, मालकाला सांगते की पाणी आणि बॅटऱ्या तिकडे आणा, ते कुरकुरतात पण मी ऐकत नाही. कोरडं गवत आणि कुसळं तिथून झाडून घ्यायला लावते, मोठ्या पात्यांचा वारा सगळं वर उडवतो.

फवारताना उताराला आडवं, बांधाच्या समांतर जायचं. वरखाली गेलं की प्रत्येक बांधाला उंची एकदम बदलते, ड्रोनचं जमिनीपासूनची उंची मोजणारं रडार ती पकडेपर्यंत पिकावर औषध कमीजास्त पडतं.

काजूवाला_राजापूर:
ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. चिरे आणि फळी उद्याच बसवतो, वडिलांनाही हे वाचून दाखवलं. एक विचारायचं राहिलं, बॅटरी संपत आली किंवा सिग्नल गेला की तो आपोआप परत येतो तेव्हा तो फळीवरच येईल ना?

चार_पाती:
तेवढ्यावर विसंबू नका. जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे होतं, म्हणजे फळीच्या शेजारी उतारावरच यायचा. शेवटचे दहा मीटर राहिले की स्वतः हातात घ्या, आपोआप परत येणं रद्द करून स्टिकने आणा.

पण तुमच्या जागेला याहून मोठी काळजी वेगळी आहे. आपोआप परत येण्याची उंचीसुद्धा उडालेल्या जागेपासूनच मोजतात. बागेच्या मध्यातून उडालात, उंची ३० मीटर ठेवलीत आणि सडा तिथून ४५ मीटर वर असेल, तर सड्यापलीकडून परत येताना तो सरळ सड्याच्या कडेत घुसू शकतो, मिनी २ ला समोर बघणारे सेन्सर नाहीत. त्यामुळे बागेच्या सगळ्यात वरच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, फळी बसवा, म्हणजे बागेत फिरताना जमीन कायम खालीच राहील. सड्यापलीकडे जायचंच असेल तर आधी सड्याची उंची बघून त्यात झाडांची २० मीटर मिळवा आणि तेवढी सेटिंगमध्ये टाका, मग उडवा.

काजूवाला_राजापूर:
वरच्या गडग्याजवळ एक मोकळी जागा आहे, फक्त एक आंबा पश्चिमेला आहे. तिथेच बसवतो आणि फोटो टाकतो इथे.